हँडब्रेकवरचं कुंकू

सप्टेंबर संपत आला की आमच्या गॅरेजमध्ये मेंढीचा वास येतो. थट्टा नाही करत. मेंढीच्या लोकरीतून निघणाऱ्या चिकट तेलाचा एक पिवळा डबा आहे, त्याचं झाकण उघडलं की पावसात भिजलेला अख्खा कळप आत शिरल्यासारखं वाटतं. तो वास आधी गॅरेजभर फिरतो आणि मग मधल्या दारातून किचनमध्ये येऊन माझ्या फोडणीत मिसळतो. इंग्लंडातल्या आमच्या मिल्टन कीन्समध्ये ऑटम आल्याचं लोक झाडांवरून ओळखतात, तळ्यांवरच्या धुक्यावरून ओळखतात. मी नाकानं ओळखते.

दरवर्षी हा डबा माझा नवरा, विनय, काढायचा. यंदा मी काढला. वरच्या शेल्फवर होता, स्टूल घ्यावं लागलं. स्टुलावर उभी असतानाच झाकण थोडं सैल झालं, तो वास आला, आणि मी आपली डबा छातीशी धरून तिथंच उभी राहिले. कितीतरी वर्षं एकदम अंगावर आली. खालून विनय म्हणाला, "अगं, उतर आता. पडशील. घरात एक पेशंट पुरे."

आमच्याकडे एक जुनी गाडी आहे. रोजची वेगळी, ती बिचारी बाहेर पावसात उभी असते. गॅरेजचा मान हिचा. दोन सीटची, उघडी, आम्हा दोघांच्याही जन्माआधीची. हिचं अंग हिरव्या रंगात झाकलेलं आहे, पण हातपाय उघडे. दाराबाहेरचा लांबलचक हँडब्रेक, पुढची चाकं वळवणारे दांडे, बॉनेटच्या कड्या, सगळं नुसतं पोलाद, आरशासारखं घासलेलं. वर क्रोम नाही, रंग नाही, काही नाही. या देशातली हवा म्हणजे अर्धं पाणीच. इथं उघडं पोलाद बाळगायचं म्हणजे मांजराच्या घरात दूध उघडं ठेवण्यातला प्रकार.

गाडी घेतली तेव्हा आमची सई प्रायमरी स्कूलमध्ये होती. बकिंगहॅमच्या पलीकडे एका खेड्यात हॅरिस नावाचे एक म्हातारे गृहस्थ राहायचे, त्यांची ही गाडी. त्यांनी आम्हाला चहा दिला, बिस्किटं दिली, आणि मग मुलीचं स्थळ बघायला आल्यासारखी आमची उलटतपासणी घेतली. गॅरेज कोरडं आहे का? हिवाळ्यात बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यावर नेणार नाही ना? विनयनं विचारलं, "या पोलादावर तुम्ही पारदर्शक लॅकर का मारत नाही? एकदा मारलं की सुटलो."

म्हातारा हसला. लॅकरला कुठंतरी केसाएवढी चीर पडतेच, म्हणाला. मग पाणी आत शिरतं आणि आतच राहतं. वरून सगळं चकचकीत, आणि खाली गंज अळीसारखा वळवळत पसरतो. तुम्हाला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. त्यापेक्षा मेण बरं. ते गेलं की दिसतं. मग परत लावायचं.

"असं किती वर्षं लावायचं?" मी विचारलं.

"गाडी तुमची आहे तोवर," तो म्हणाला आणि बिस्किटांची बशी पुढं केली.

घरी परतताना मी विनयला म्हटलं, "ही गाडी नाही, सवत आहे." तो शीळ घालत होता. त्याला ऐकूही आलं नाही.

पण तो ऑटम! तसा ऑटम पुन्हा आला नाही, किंवा आला असेल, आम्ही तसे नव्हतो. ऊन मधासारखं जाड होतं. सकाळी कुंपणावर कोळ्यांची जाळी दवानं भरून लोंबायची आणि दहा वाजेपर्यंत कुणी त्यांना हात लावायचं नाही असा सईचा हुकूम होता. विनय गाडी घरापुढच्या ड्राइव्हवर काढायचा आणि जमिनीवर जुनी चादर अंथरून तिच्याखाली सरकायचा. बाहेर नुसते त्याचे पाय. मी स्वयंपाकघरातून त्या पायांशी बोलायचे. पाय कधी उत्तर द्यायचे, कधी नाही.

पहिले काही आठवडे त्यानं आपल्याकडची रीत चालवून बघितली. त्याच्या आईची विळी खोबरेलाच्या एका बोटावर वर्षानुवर्षं चकाकत राहिली होती, मग गाडीला काय धाड भरलीय? चोपडलं सगळीकडे खोबरेल. ऑक्टोबरची पहिली थंड रात्र झाली आणि सकाळी बघतो तर सगळे दांडे पांढरेफटक, ढेकळं धरलेले. सईनं बोटानं नाव लिहिलं त्यात. इचलकरंजीच्या हवेत वितळून राहणारं तेल इथं गोठून बसतं, हे गणित आमच्या दोन इंजिनिअरांच्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. शेजारचा ग्रॅहम कुत्रा फिरवता फिरवता थांबला, हुंगला, आणि म्हणाला, "लव्हली. केक करताय का?"

मग रीतसर हॅरिसची पद्धत. ती मला अजून पाठ आहे, कारण कितीतरी रविवार मी चहाचा मग धरून ती बघितलीय. आधी स्पिरिटच्या बोळ्यानं बोटांचे डाग पुसायचे. मग पोलाद थोडं कोमट करायचं, त्यासाठी माझा हेअरड्रायर पळवायचा. मग सुती फडक्यावर नखाएवढं मेण घेऊन गोल गोल फिरवायचं, इतकं पातळ की लावलंय की नाही अशी शंका यावी. थांबायचं. पुसायचं. पुन्हा एक हात. आणि जे भाग डोळ्यांना दिसत नाहीत, तिथं मेंढीचं तेल बिनधास्त थापायचं. फडकी माझ्या जुन्या सुती साड्यांची. इंग्लंडातलं कुठलंच कापड त्याला पुरेसं मऊ वाटायचं नाही. माझी आवडती जांभळ्या काठाची साडी फाटायच्या आधीच त्याच्या डोळ्यांत भरली होती. "अजून नेसते रे मी ती," म्हटलं, तर म्हणतो, "हो हो, घाई नाही. वाट बघतो."

विनय इचलकरंजीचा. घराखाली वडिलांचे चार माग. खंडेनवमी म्हटली की त्याचा चेहरा बदलतो. तो सांगतो, वर्षभर गावात खडाखड, खडाखड, झोपेतसुद्धा तोच आवाज. खंडेनवमीला माग थांबायचे. पुसूनपासून, झेंडूच्या माळा घालून, हळदकुंकू लावून ते उभे असायचे, आणि अख्ख्या गल्लीला ती शांतता ऐकू यायची. "कानात वाजायची बघ," तो म्हणतो. लहानपणी त्याला वाटायचं, देवी म्हणजे हा न येणारा आवाजच असणार.

तर त्या पहिल्या ऑटममध्ये खंडेनवमी आली. विनयनं सकाळपासून गाडी स्पिरिटनं पुसून लख्ख केली. लंडनच्या एजवेअरहून आणलेला झेंडू होता. मी साडी नेसले, जांभळ्या काठाचीच, मुद्दाम. ताट घेऊन गॅरेजमध्ये गेले. मेण पूजेनंतर लावायचं ठरलं होतं, म्हणजे देवीला कसं, सगळं स्वच्छ आणि उघडं. मी म्हटलं, कुंकू कुठं लावू? बॉनेटच्या रंगावर डाग पडेल. विनय म्हणाला, "हँडब्रेकला लाव. धरतो तिथंच. शस्त्राची मूठ असते ना, तसं." मी बोट पाण्यात बुडवलं, कुंकवात टेकवलं, आणि त्या आरशासारख्या पोलादावर एक ठसठशीत टिळा काढला. दुसऱ्या हातानं दांडा धरला होता, नाहीतर टिळा वाकडा आला असता. नारळ फुटला. सईनं टायरखालचं लिंबू स्वतः चिरडायचं म्हणून गाडी ढकलायचा हट्ट धरला. मग पाहुणे आले, पुऱ्या झाल्या, पाऊस आला, आणि मेण राहिलं ते राहिलंच.

दोन-तीन दिवसांनी गॅरेजमधून हाक आली. "नीलू! आधी इकडं ये!"

कुंकू कधीच उडून गेलं होतं. त्याच्या जागी, अगदी त्याच मापाचा, गंजाचा टिळा उगवला होता. आणि खाली, जिथं मी दांडा धरला होता, तिथं माझी बोटं. पाचही. नारिंगी, स्पष्ट, एकेक रेघ मोजून घ्यावी अशी. आधार कार्डाच्या मशीनवर माझे ठसे कधी उमटत नाहीत, इथं बघा कसे फुलून आले होते.

"हे तू केलंस," तो म्हणाला.

"लाव कुणी म्हटलं? मूठ बीठ, शस्त्रबिस्त्र कोण बोललं?"

"मी टिळा लाव म्हटलं. पंजा लाव म्हटलं नव्हतं!"

त्यावर आम्ही जे भांडलो ते ग्रॅहमच्या कुत्र्यानंही कान टवकारून ऐकलं. चूक माझी नव्हती, आजही म्हणेन. पण नंतर विनयनं कुठंतरी वाचलं की काही माणसांच्या हाताचा घामच तसा असतो, त्यांनी धरलेलं पोलाद रातोरात गंजतं. कारखान्यांत अशा लोकांना बारीक कामावर ठेवत नाहीत म्हणे. झालं! मला गाडीला हात लावायची बंदी झाली. "तुझा हात गंजाचा आहे," हे वाक्य तो पाहुण्यांसमोर कौतुकानं सांगायला लागला.

त्याला काय माहीत, हे वाक्य मी फार पूर्वी ऐकलं होतं. साताऱ्याला आमच्या काकू लोणचं घालायच्या तेव्हा मला दारातच उभं करायच्या. "हिचा हात नको बरणीला, हिच्या हाताचं नासतं." एकदा कधीतरी बुरशी आली असेल, शिक्का माझ्यावर बसला. मी दारातून बघायचे. फोडींवर काकू तेल ओतायच्या, चांगलं बोटभर वर येईपर्यंत. मी विचारलं होतं, इतकं तेल कशाला? "हवा लागू नये म्हणून," काकू म्हणाल्या होत्या. आता कळतं, लोणचं काय आणि पोलाद काय, राखायची रीत एकच आहे. आणि दोन्हीकडे मला बाहेर उभं केलं. नाकाला मिरच्या झोंबणार नाहीत तर काय!

टिळा त्यानं घासून घासून काढला. बोटंही गेली. पुढच्या वर्षीपासून कुंकू लाकडी स्टिअरिंगला लागू लागलं, आणि मी हात मागे बांधून पूजा बघू लागले. वर्षं अशीच जातात. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पडायचं, गाडी मेंढीच्या तेलात निजायची. कधी जानेवारीत, खूप दिवसांच्या गारठ्यानंतर, अचानक समुद्राकडची कोमट हवा यायची, आणि त्या दिवशी गॅरेजमधलं सगळं लोखंड घामानं डबडबायचं. बाहेर पाऊस नाही, आत पाणी गळत नाही, तरी ओलं. विनय ऑफिसमधून फोन करायचा, "नीलू, पोलादाला घाम फुटला असेल, जरा फॅन लाव." माझा ताप कधी इतका लांबून ओळखला नाही त्यानं. आणि तरी, खरं सांगू? पाठीमागून त्याला असं गोल गोल फडकं फिरवताना बघण्यात काहीतरी होतं. झोप येईल असं संथ. जग तेवढ्यापुरतं त्या फडक्याएवढं व्हायचं. मी सवत म्हणायचे, पण रविवारी तो गॅरेजमध्ये नसला की घर मलाच चुकल्यासारखं वाटायचं.

यंदा एप्रिलमध्ये विनयला स्ट्रोक आला. 'छोटासा', असं डॉक्टर म्हणाले. बोलणं शाबूत राहिलं, चालणंही जवळजवळ. उजवा हात मात्र परका झाला. फिजिओ मुलीनं स्पष्ट सांगितलं, हे वर्ष महत्त्वाचं, हात जितका वापराल तितका परत येईल. तिनं एक मऊ चेंडू दिला, रोज दाबायला. विनयनं तो एकदा दाबला, दोनदा हातातून पडला, आणि तेव्हापासून चेंडू सोफ्याखाली आहे. मी सांगून थकले. पालथ्या घड्यावर पाणी. रागावला असता, रडला असता तरी चाललं असतं. तो नुसता बसायचा. उजवा हात मांडीवर, दुसऱ्याचं सामान सांभाळायला दिल्यासारखा.

आणि ऑगस्टमध्ये एक दिवस म्हणाला, "गाडी विकून टाकू."

मला आनंद व्हायला हवा होता. सवत चालली होती. मला रडूच कोसळलं. कारण मला कळलं, हा गाडी विकत नाहीये, हा स्वतःला निकालात काढतोय. ऑटमची कामं ज्याला पुढं दिसत नाहीत, त्यालाच गाडी नको होते.

सई लीड्सहून रोज फोन करायची, तिच्या इंग्रजी वळणाच्या मराठीत. "आई, नो, ही कान्ट डू धिस! तो गाडी माझा पण आहे. बाबाला सांग ना, मी खूप रागावला आहे." मी म्हणायचे, तूच सांग. ती सांगायची, तो "हं, बघू" म्हणायचा. नॉर्थॅम्प्टनचा एक माणूस फोटो बघून गाडी घ्यायला तयार झाला, रविवारी येतो म्हणाला. आणि शनिवारी खंडेनवमी.

"मग निदान नीट करून देऊ," विनय म्हणाला. "अशी कशी द्यायची?" उन्हाळाभर कुणी बघितलं नव्हतं तिच्याकडे, दांड्यांवर तांबूस धूळ धरायला लागली होती. पण करणार कोण? एकाचा हात चालत नव्हता आणि दुसरीचा चालवून घेत नव्हते. शेवटी मी निळे रबरी हातमोजे चढवले आणि मेणाच्या डब्यासोबत पिवळा डबाही उतरवला. विनयला बागेतली खुर्ची आणून गॅरेजमध्ये बसवलं.

मी पुसू लागले आणि तो बघू लागला. मग, "जरा कमी मेण." मग, "अगं, फरशी पुसतेस काय? हलक्या हातानं." मग, "कोपऱ्यात, कोपऱ्यात. तिथंच पाणी बसतं." आवाज चढायला लागला. इतक्या महिन्यांत माझ्यावर पहिल्यांदा ओरडला तो, आणि मी मान खाली घालून हसू दाबत पुसत राहिले. फडकं जांभळ्या काठाचं होतं. त्यानं ते बघितलं. "फाटली का शेवटी?" म्हणाला. मी म्हटलं, "वाट बघत होतास ना?" बाहेर कुंपणावर जाळी होती, दवानं भरलेली. हुकूम करणारं कुणी नव्हतं, तरी मी सकाळपासून त्यांना हात लावला नव्हता.

हँडब्रेक शेवटी ठेवला होता. स्पिरिटनं पुसून झाला, लख्ख, उघडा. मेणाचा डबा उचलला तर विनय म्हणाला, "थांब. आधी पूजा कर."

एका हाताचा मोजा काढून ताट आणलं. झेंडू यंदा माझ्याच कुंडीतला, चार फुलं. हळद लावली, अक्षता वाहिल्या, आणि कुंकू घेऊन सवयीनं लाकडी स्टिअरिंगकडे वळले.

"तिथं नको," विनय म्हणाला. त्यानं डाव्या हातानं हँडब्रेक दाखवला. "तिथं लाव."

"शुद्धीवर आहेस का? उद्या माणूस येतोय बघायला. गंज चढेल."

"चढू दे."

"अरे, पण..."

"आणि तो हातमोजा काढ. धर नीट, नाहीतर वाकडा येईल."

मी त्याच्याकडे बघितलं. तो गाडीकडे बघत होता. गॅरेजमध्ये इतकं शांत झालं होतं की मला त्याचे खंडेनवमीला थांबलेले माग आठवले, मी कधी न पाहिलेले. मी हातमोजा काढला. उघड्या हातानं दांडा धरला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गार होता. ओलं बोट कुंकवात टेकवलं आणि टिळा काढला.

"मेण?" मी विचारलं.

"नको. तिथं नको लावूस." मग डावा हात पुढं करून म्हणाला, "फोन दे माझा. त्या माणसाला येऊ नको सांगतो. उगाच पेट्रोल जाळेल."

परवा सकाळी मी गॅरेजचा दिवा लावला. कुंकू उडालं होतं. खाली टिळा उगवला होता, आणि त्याखाली माझी पाच बोटं, नारिंगी, ठसठशीत. विनयला हाक मारली. तो आला, वाकला, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाला, "वा! झकास चढलाय." मग खुर्ची ओढून हँडब्रेकपाशी बसला आणि जांभळ्या काठाचं फडकं उजव्या हातात घेतलं. ते पडलं. त्यानं उचललं. पुन्हा पडलं. मी पुढं झाले तर म्हणाला, "तू नको. तुझा हात गंजाचा आहे."

अजून घासतोय.